पिक्चरच्या आधीचे आभार

सुरुवातीलाच माफी मागतो. दिवाळी अंकात कामाचे अनुभव लिहावेत ते निवृत्त फौजदारांनी, नाहीतर जंगलात आयुष्य घालवलेल्या वनाधिकाऱ्यांनी. मला निवृत्त व्हायचं तर आधी कुठेतरी नोकरीला लागावं लागेल. एम. ए. झालं, आता बी. एड. करतो आहे, म्हणजे अजून विद्यार्थीच. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, त्यामुळे 'हे असलं लिहू नकोस' असं सांगणारंही घरात कोणी नाही. पण संपादकांनी विचारलं, "तुम्ही कॉलेजात असताना काहीतरी काम करत होता ना?" करत होतो. मी आभार मानत होतो.

हे ऐकून लोक हसतात. पहिल्यांदा आमचे बापू हसले. बापू सांगलीत हळदीच्या पेठेत हमाली करतात. त्यांचे सदरे, टॉवेल, हाताच्या रेषा सगळं पिवळं. मी साताऱ्याला वसतिगृहात राहून शिकत होतो. सुट्टीत घरी आल्यावर त्यांना सांगितलं की एका मंडळात काम मिळालं आहे, मंडळ गावोगावी व्याख्यानं ठेवतं.

"म्हंजी वक्ता बोलनार, लोक ऐकनार, आन् तू?"

"मी शेवटी आभार मानणार."

"कुनाचं?"

"सगळ्यांचे."

"आन् त्येचं तुला पैसं देनार?" बापूंनी आत हाक मारली, "आगं, ऐकलंस का? पोराला थँक्यू म्हनायची नोकरी लागली!"

आई बाहेर आली आणि म्हणाली, "बरं हाय की. वजं उचलायचं न्हाई." आमच्या घरात नोकरीची याहून चांगली व्याख्या अजून कोणी केलेली नाही.

आमच्या मंडळाकडे चार विषय होते: आपली संस्कृती, आपली ओळख, शिक्षण आणि परिवर्तन. सातारा आणि सांगली जिल्ह्यातल्या कोणत्याही गावाने पत्र पाठवावं, विषय निवडावा, मंडळ वक्ता पाठवेल. विषय चार होते, वक्ते एकच होते. ते एका कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांना मी इथे नुसतं 'सर' म्हणतो, कारण त्यांनाही तेवढंच आवडायचं. सरांचं भाषणही एकच होतं. संस्कृती असेल तर ते आईपासून सुरू होऊन आईशीच संपायचं. ओळख असेल तर 'मी कोण?' असं विचारून आईकडे यायचं. शिक्षणात आई निरक्षर असायची आणि परिवर्तनात तीच आई सही करायला शिकायची. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. मी ते भाषण इतक्यांदा ऐकलं आहे की सरांच्या आईला कुठे भेटलो असतो तर वाकून नमस्कार केला असता. त्या हयात होत्या, पुण्याला थोरल्या मुलाकडे असायच्या, असं पुढे कळलं. भाषणात त्या दर वेळी जायच्या.

आता धंदा कसा चालतो तो सांगतो. व्याख्यानात बोलणं हा सगळ्यात सोपा भाग. अवघड आहे ती समई. प्रमुख पाहुण्यांनी पहिली वात लावली आणि ती विझली की लोक हसतात, आणि एकदा लोक हसले की परिवर्तन होत नाही. म्हणून वात आधी तेलात बुडवून पिळायची, टोकाला कापराची चिमूट लावायची आणि पाहुणे उठले की पंखा बंद करायला माणूस बटणापाशी उभा करायचा. सतरंज्या लोकांपेक्षा कमी अंथरायच्या, म्हणजे दाटीवाटीने बसतात आणि गर्दी दिसते. वक्ता थांबत नसेल तर पहिल्यांदा चिठ्ठी द्यायची. चिठ्ठी वाचून सर ती खिशात घालून पुढे बोलत. मग पडद्यामागे चहाच्या कपबश्या वाजवायच्या. तरीही नाही थांबले तर रज्जाकभाईंकडे बघायचं.

रज्जाकभाई आष्ट्याचे. दोन कर्णे, एक अ‍ॅम्प्लिफायर, तीन माईक आणि एक खिळखिळा टेम्पो एवढी त्यांची मालमत्ता. मंडळाचा आवाज कायम त्यांच्याकडे. मी बघितलं की ते एक खुंटी फिरवत आणि माईकमधून अशी शिट्टी निघे की सर दोन पावलं मागे सरत. आईचा प्रसंग आला की मात्र ते दुसरी खुंटी फिरवत.

"ही कशाची?" मी एकदा विचारलं.

"एकोची, आवाज घुमवायची. आईला एको लागतो, गड्या. त्याबिगर बायका रडत न्हाईत."

आभाराचंही एक शास्त्र आहे. नवशिके मोठ्या माणसापासून सुरू करतात. तसं केलं की मोठ्या माणसाचं नाव झालं रे झालं, की त्याची माणसं उठतात. लहानापासून सुरू करायचं. पाणी भरणारा, सतरंज्या घालणारा, शाळेची किल्ली देणारा शिपाई. मग सरपंचाला आपलं नाव येईपर्यंत बसून राहावं लागतं, आणि सरपंच बसला की गाव बसतं.

माझा आणखी एक उपयोग मंडळाला होता. तो मला उशिरा कळला. परिवर्तनाच्या भाषणात एका ठिकाणी सर माझ्याकडे हात करत. "हा मुलगा पाहा. पिढ्यान् पिढ्या ज्यांना गावाच्या वेशीबाहेर ठेवलं, त्या समाजातला हा मुलगा आज कॉलेजात शिकतो आहे, तुमच्यासमोर उभा आहे." मी उभा राहायचो. लोक टाळ्या वाजवायचे. आमच्या आजोबांनी छप्पन सालानंतर घरातले देव विसर्जित केले आणि पोरांना शाळेत घातलं. त्यात सरांचा हात किती होता हे मी कधी विचारलं नाही. टाळ्या मात्र त्यांच्याकडे बघून वाजत. कार्यक्रम संपून एखाद्या मोठ्या घरी पंगत बसायची वेळ आली की आमच्या चिटणीसांना हमखास आठवायचं, की उद्याच्या समईला तेल नाही. तेल आणायला मी जायचो. परत येईपर्यंत पाहुणे हात धुऊन सुपारी कातरत असायचे. अशा रीतीने परिवर्तनाला आणि पंगतीला, दोघांनाही धक्का लागायचा नाही.

आता ज्या गावाबद्दल सांगायचं आहे ते शिराळ्याच्या अलीकडचं. नाव सांगत नाही. तिथले पुढारी आप्पासाहेब, गाव त्यांना आप्पा म्हणे. आप्पांकडे ऊस, ट्रॅक्टर, दोन मजली घर आणि गणेशोत्सव मंडळाचं अध्यक्षपद होतं. त्या गावात उत्सवात पडद्यावर व्हिडिओ पिक्चर दाखवत. जुन्या मंडळींनी कुरकुर केली, तेव्हा आप्पांनी तोड काढली: आधी व्याख्यान, मग पिक्चर. त्यामुळे पिक्चरला जागा धरायला आलेलं सगळं गाव सरांच्या आईला आयतं सापडायचं. आमच्या मंडळाच्या अहवालात त्या गावाचं वर्णन 'ज्ञानपिपासू' असं आहे.

मी पहिल्या वर्षी गेलो तेव्हा एक गोष्ट घडली. गावातला वायरमन ऐन कार्यक्रमात लाइट घालवण्याबद्दल प्रसिद्ध होता. म्हणजे लाइट जायची आणि तो कुठेतरी जेवत असायचा. माझ्या मनात आलं म्हणून मी सरांचा परिचय करून देतानाच माईकवर बोललो, "संपूर्ण कार्यक्रमात वीज अखंड चालू ठेवल्याबद्दल गावच्या वायरमन साहेबांचे मी आताच आभार मानतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. वायरमन मागे तंबाखू मळत उभा होता. त्याने तंबाखू फेकली आणि निघाला तो थेट डीपीपाशी जाऊन बसला. पिक्चर संपेपर्यंत लाइट गेली नाही. चिटणीस मला म्हणाले, "तुझ्यात चमक आहे." त्यांनी हे तेल आणायला पाठवताना सांगितलं.

त्या वर्षी स्वागतगीत आप्पांची सून आणि धाकटी मुलगी अशा दोघींनी म्हटलं होतं. सून सुरेखा, बारावी झालेली, माहेर लोणंदचं. नवरा मिलिटरीत, कुठेतरी लांब उत्तरेला. मुलगी छाया, दोन वेण्या घातलेली, आठवीतली. तिचं लक्ष गाण्यापेक्षा पडद्याकडे जास्त. मी तेल घेऊन परतलो तेव्हा पुढच्या सोप्यात सुपारी चालली होती. मी मागच्या दाराला बाटली ठेवली आणि निघालो, तर सुरेखावहिनींनी हाक मारली.

"भाऊ, बसा. ताट वाढलंय."

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पाट मांडला होता. ताट तेच, ज्यात पाहुणे जेवले. मी अवघडून बसलो.

"तेल मिळालं?"

"मिळालं. लांब जावं लागलं."

"घरात डबाभर हुतं," त्या म्हणाल्या आणि भाकरी वाढली. छाया कोपऱ्यात बसून खुदकन हसली, तेव्हा वहिनींनी तिला एक चापट दिली.

दुसऱ्या वर्षी आप्पांनी स्वतः पत्र लिहून विषय मागवला: स्त्रीशिक्षण आणि परिवर्तन. सरांनी आईला सही शिकवायची की बाराखडी यावर एसटीत थोडा विचार केला. आम्ही दुपारीच पोहोचलो. रज्जाकभाई खांबावर कर्णे बांधत होते. सर माडीवर झोपले. मी हार ठेवायला मागच्या दारी गेलो, तर वहिनी पीठ मळता मळता उठून आल्या.

"भाऊ, एक काम हुतं. तुमच्या सरांस्नी सांगशीला?"

काम असं होतं. त्यांच्या वडिलांनी लोणंदहून अर्ज भरला होता आणि सांगलीच्या डी. एड. कॉलेजात त्यांचा नंबर लागला होता. येत्या शनिवारपर्यंत हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला जाणार. नवऱ्याचं पत्र आलं होतं, 'माझी हरकत नाही, आप्पांना विचार.' आप्पांना विचारलं होतं.

"काय म्हणाले?"

"म्हनले, आपल्या घरात काय कमी हाय? मास्तरीन हून कुनाच्या दारात जायाचंय तुला?" वहिनींनी हाताचं पीठ झटकलं. "सरांनी नुस्तं जेवताना एक शब्द टाकला तरी मामंजी ऐकतील. आज इषयबी त्योच हाय."

मला हे अगदी सोपं वाटलं. मी खरोखर असा विचार केला की सरांना हे कळलं तर त्यांना आनंदच होईल. इतकी वर्षं ते ज्याच्याबद्दल बोलत आहेत ते इथे मागच्या दारात पिठाच्या हातांनी उभं आहे. मी माडीवर जाऊन सरांना उठवलं आणि सगळं सांगितलं. सरांनी चष्मा लावला, मग परत काढला.

"हे बघ," ते म्हणाले, "मी विषयाच्या पातळीवर बोलतो. व्यक्तीच्या पातळीवर उतरलं की विषय लहान होतो. आणि आपण त्यांचे पाहुणे आहोत. कुणाच्या घरात लक्ष घालणं ही आपली संस्कृती नाही."

शिक्षण आणि परिवर्तन, चारपैकी दोन विषय त्यांनी एका उत्तरात संपवले. मी खाली आलो. वहिनींना ते वाक्य जसंच्या तसं सांगावंसं वाटेना, पण दुसरं काही सुचलंही नाही.

त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "मग तुमी माना की आभार."

"कशाचे?"

"मला शिकाय धाडल्याबद्दल. मामंजींचं."

"पण अजून पाठवलंय कुठे?"

"वायरमननं तरी लाइट कुठं राखली हुती? तुमी आदी आभार मानलं, मग त्यो राखत बसला."

मी म्हटलं, वायरमन वेगळा आणि आप्पा वेगळे. आप्पांनी तिथल्या तिथे माईकवर नाही म्हटलं तर?

"माईकवर?" वहिनींना हसू आलं. "आवं भाऊ, आमचं मामंजी माईकवर कवा न्हाई म्हनत न्हाईत. पान्याची टाकी माईकवर दिली, वाचनालय माईकवर दिलं, मसनवाटंचा रस्ता दोनदा दिला."

"मग झालं का त्यातलं काही?"

"न्हाई झालं. पर कुनी वार ठरवून मागितलंच न्हवतं. तुमी शनवार सांगा."

इथे मला थोडं थांबून सांगायला हवं की मी शूर नाही. घरातला पहिला शिकलेला मुलगा शूर असू शकत नाही. त्याच्या मागे फार जण उभे असतात. ते काम गेलं असतं तर वसतिगृहाची खानावळ बंद झाली असती, हे मला माहीत होतं. आणि आप्पा भडकले तर शनिवार तर जाईलच, वर वहिनींना कायमचं लोणंदला धाडतील, हेही होतं. मी त्यांना तसं म्हणालो. त्या म्हणाल्या, "त्ये माझ्याकडं लागलं. तुमी तुमचं काम करा." मग परत पीठ मळायला बसल्या. मी रज्जाकभाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी खांबावरूनच विचारलं, "एको लावू का?"

"नको. फक्त माईक बंद पडू देऊ नका."

दिवेलागणीला कार्यक्रम सुरू झाला. वहिनी आणि छायाने स्वागतगीत म्हटलं. समई लागली, पंखा सुरू झाला. सर बोलायला उठले आणि त्या दिवशी त्यांनी कमाल केली. आई बाराखडी शिकली, बाराखडीतून पोथी वाचू लागली, आणि पोथी वाचता वाचता गेली. एको लागला. बायका रडल्या. आप्पांनी उपरण्याने डोळे पुसले. "ज्या घरातली स्त्री शिकते," सर म्हणाले, "त्या घराचा उंबरा उंच होतो!" आप्पांनी मान डोलवली. मागून पोरं ओरडली, "पिक्चर! पिक्चर!" मी चिठ्ठी दिली, कपबश्या वाजवल्या, आणि शेवटी रज्जाकभाईंकडे बघितलं.

मग मी माईकपाशी गेलो. सतरंज्या घालणाऱ्यापासून सुरुवात केली. वायरमनचं नाव घेतलं, तो मागून हात वर करून डीपीकडे गेला. सरपंच झाले, सर झाले. मी टेबलाला टेकून उभा राहिलो.

"आणि शेवटी," मी म्हणालो, "या गावाचे आधारस्तंभ आप्पासाहेब. आज आपण स्त्रीशिक्षणावर ऐकलं. आप्पासाहेबांनी मात्र ते ऐकण्याच्या आधीच करून दाखवलं आहे. आपल्या सूनबाईंना ते सांगलीला डी. एड.साठी पाठवत आहेत आणि येत्या शनिवारी स्वतः सोबत जाऊन त्यांना कॉलेजात हजर करत आहेत. याबद्दल मंडळाच्या वतीने मी त्यांचे मनःपूर्वक आभार मानतो आणि कार्यक्रम संपला असं जाहीर करतो."

कार्यक्रम संपला हे ऐकून गावाने ज्या टाळ्या वाजवल्या तशा टाळ्या मी पुन्हा कधी ऐकल्या नाहीत. शिट्ट्या झाल्या. त्या पिक्चरसाठी होत्या, पण आप्पांना ते कुठे कळणार? रज्जाकभाईंनी आवाज इतका वाढवला की पलीकडच्या वाडीलाही सूनबाईंचा शनिवार समजला असणार. आप्पा खुर्चीत तसेच बसून होते. तेवढ्यात सर उठले. त्यांना वाटलं, हे आपल्या भाषणाचंच फळ. त्यांनी नुकतीच आप्पांच्या हातून मिळालेली शाल स्वतःच्या खांद्यावरून काढली आणि आप्पांच्या खांद्यावर घातली. दुपारी व्यक्तीच्या पातळीवर न उतरणारे सर संध्याकाळी इतके खाली उतरले की आप्पांना मिठीच मारली. गाव उठून उभं राहिलं.

आप्पा उभे राहिले. हात जोडले. माईक त्यांच्या तोंडापुढे होता. बायकांच्या बाजूला सुरेखावहिनी पदराचं टोक चावत उभ्या होत्या.

आप्पा म्हणाले, "पिक्चर चालू करा."

एवढंच. 'हो' नाही, 'नाही'ही नाही. पिक्चर चालू झाला.

त्या दिवशी मला कोणी तेल आणायला पाठवलं नाही, कारण जेवायलाच कोणी बोलावलं नाही. मी रज्जाकभाईंबरोबर टेम्पोत वायरी भरत होतो. आप्पा शाल तशीच पांघरून बाहेर आले.

"लय ग्वाड बोलतूस रं," ते म्हणाले. "फुडल्या साली येऊ नगंस." मग रज्जाकभाईंकडे वळून म्हणाले, "आवाज बी लय मोठा हाय तुझा. कान गेलं." पुढच्या वर्षीपासून त्यांनी कर्णे शिराळ्याहून मागवले.

साताऱ्याला परतल्यावर चिटणीसांनी मला बोलावून समजावलं की आभार हे घडलेल्या गोष्टींचे मानायचे असतात. मी म्हटलं, वायरमनच्या वेळी तुम्ही माझ्यात चमक आहे म्हणाला होता. ते म्हणाले, चमक आणि जाळ यात फरक असतो. माझ्या जागी दुसरा मुलगा घेतला. तो मोठ्या माणसापासून सुरुवात करायचा. परिवर्तनाच्या भाषणात सर हात करायचे तिथे आता कोण उभं राहतं, ते मला माहीत नाही.

मी एका दुकानात हिशेब लिहायचं काम धरलं आणि खानावळ चालू राहिली. पण शनिवारचं काय झालं हे कळायला मार्ग नव्हता. गावात जायची सोय नव्हती, पत्र लिहिलं तर ते आप्पांच्या हातात पडणार. दिवाळीच्या सुट्टीत सांगलीला आलो तेव्हा धीर करून त्या डी. एड. कॉलेजच्या फाटकापाशी गेलो. फाटकावर मिशा पिळलेला वॉचमन होता.

"कोन पायजे?"

मी सुरेखावहिनींचं नाव सांगितलं.

"तुझी कोन?"

मी त्यांचा भाऊ नव्हतो, गाववाला नव्हतो, जातवाला तर नव्हतोच. 'मी यांच्या सासऱ्यांचे आभार मानले होते' असं म्हणालो असतो तर त्याने मला पोलिसात दिलं असतं. "लग्न झाल्याली बाई हाय का पोरगी?" त्याने संशयाने विचारलं. मी मागे फिरलो. पुन्हा तिकडे गेलो नाही. रज्जाकभाई कधी भेटले की मी विचारायचो. त्यांनाही काही ठाऊक नसे. त्या गावचा आवाज आता त्यांच्याकडे नव्हता.

नंतरच्या वर्षांत मला अनेकदा वाटलं की सरांचंच बरोबर होतं. विषयाच्या पातळीवर राहिलं की कुणाचं काही बिघडत नाही. माझ्या चार वाक्यांनी एका बाईला लोणंदला परत धाडलं असेल, आणि मी इकडे बी. एड.ला 'शिक्षण आणि समाज' या पेपरात चांगले गुण मिळवतो आहे, असं मनात यायचं. मग अभ्यास होत नसे.

गेल्या महिन्यात बापूंना डबा द्यायला हळदीच्या पेठेत गेलो होतो. समोरून रज्जाकभाई आले, खांद्यावर बॅटरी.

"आरं, तुलाच हुडकत हुतो! तुझ्या आप्पाचं भाषन वाजवून आलो की आष्ट्यात."

"आप्पांच्या गावच्या कार्यक्रमाचं?"

"आप्पाच्या गावचं न्हवं. आप्पाचं भाषन! त्योच वक्ता. 'मी सून शिकवली.' लय चालतंय म्हनं. गावोगाव बोलावनी हायत, शाली ठेवाय कपाट घेतलंय."

मी पोत्याला टेकून बसलो. बापू शेजारीच डबा उघडून बसले होते, त्यांनीही कान दिला. रज्जाकभाईंनी सगळं सांगितलं. आप्पांनी भाषणात सांगितलं की सून लग्न होऊन उंबरा ओलांडून आत आली त्याच दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं होतं, हिला मास्तरीण करायची. घरच्यांनी विरोध केला, भावकी हसली, पण ते डगमगले नाहीत. शनिवारी स्वतः सांगलीला घेऊन गेले. पावसात. छत्री तिच्यावर धरून.

"शनिवार म्हणाले?"

"शनवारच म्हनला. एको लावला मी तिथं."

"म्हणजे वहिनी शिकल्या?"

"आरं, जिल्हा परिषदेच्या शाळंवर हाय ती! शिराळ्याकडं. दोन वर्सं झाली."

मग राहवेना म्हणून विचारलं, "भाषणात माझं काही...?"

"न्हाई गड्या. तू न्हाईसच त्यात. वायरमन हाय, पर तू न्हाईस."

बापू हसले. "थँक्यूची नोकरी," ते म्हणाले आणि भाकरी मोडली.

"आन् ऐक की," रज्जाकभाई बॅटरी खाली ठेवून म्हणाले. "भाषनात मधीच आप्पानं सुनंकडं हात केला, 'ही बघा, ही तुमच्यासमोर.' ती उठली, टाळ्या पडल्या. सगळीकडं संगं नेतो तिला, दाखवाय. मला तूच आठवलास."

मलाही मीच आठवलो.

"मग शेवटाला आभार मानाय तीच उठली. पान्यावाल्यापासनं चालू केलं. सतरंजीवाला, मी, सरपंच. आन् शेवटाला म्हनली, 'मामंजींनी सून शिकवली, आन् तेवढ्यावर न थांबता धाकट्या लेकीचं, छायाचं, ठरल्यालं लगीन म्होरं ढकलून येत्या सोमवारी तिला कराडच्या कॉलेजात नाव घालाय स्वोता घिऊन निगाल्यात, त्याबद्दल समद्यांच्या वतीनं त्यांचं आभार.'"

"छायाचं लग्न ठरलं होतं?"

"ठरलं हुतं. सोयरं पुढच्याच रांगंत बसलं हुतं."

"मग?"

"मग काय? टाळ्या. मी दोनी कर्णं फुल्ल सोडलं."

"आणि आप्पा?"

रज्जाकभाईंनी बॅटरी परत खांद्यावर घेतली.

"उठला. हात जोडलं. आन् म्हनला, पिक्चर चालू करा." ते दोन पावलं गेले आणि वळून म्हणाले, "तितं पिक्चर न्हवताच, गड्या."